कंपनीच्या साइटला हजारो फालतू लिंक: डिसअव्हाउ करायचं की सोडून द्यायचं?

इंपेलर

नमस्कार मंडळी. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीतल्या एका कंपनीची साइट सांभाळतो. माल म्हणजे पंपाचे सुटे भाग: इंपेलर, केसिंग, मेकॅनिकल सील. साइट वर्डप्रेसवर, पानं साठ-सत्तर. चौकशा बहुतेक गूगलवरूनच येतात.

सर्च कन्सोलच्या (साइटमालकांसाठीचं गूगलचं साधन) लिंक्स रिपोर्टमध्ये आम्हाला लिंक देणाऱ्या साइटची यादी पूर्वी दीडेकशेच्या घरात असायची. गेल्या दोन महिन्यांत ती फुगून तक्त्याची हजार ओळींची मर्यादाच भरली. नावांच्या शेवटी .एक्सवायझेड, .टॉप, .शॉप असलं काहीतरी. लिंकच्या मजकुरात कसिनो, बेटिंग, जपानी अक्षरं, आणि कुठे नुसतंच आमच्या डोमेनचं नाव. त्यात २०१९ ते २०२१ या काळात एका एजन्सीने लिंक मिळवायला डिरेक्टरी सबमिशन (यादीवजा साइटवर नोंदी), गेस्ट पोस्ट (दुसऱ्यांच्या साइटवर आपली लिंक घालून लेख) वगैरे उद्योग केले होते, त्याही लिंक आहेतच.

मॅन्युअल ॲक्शन्समध्ये (गूगलच्या माणसांनी केलेली कारवाई जिथे दिसते) 'नो इश्यूज डिटेक्टेड' दिसतं. क्लिक थोडे कमी झालेत, पण पावसाळ्यात पंपाचा धंदा तसाही थंड असतो. ॲनालिटिक्समध्ये (भेटी मोजणारं गूगलचं साधन) कधी न ऐकलेल्या साइटवरून रेफरल, म्हणजे तिथून आलेल्या भेटी, दिसतात.

आता एका दुसऱ्याच एजन्सीचा मेल आलाय: तुमचा टॉक्सिक स्कोअर ७८ टक्के आहे, ४५ हजारांत साफ करून देतो, नाहीतर रँकिंग जाईल. नमुना म्हणून डोमेनची एक लांबलचक तयार फाइल जोडली आहे. साहेबांचं म्हणणं असं की हा स्पर्धकाचा कावा आहे, ती फाइल गूगलला देऊन ('या लिंक मोजू नका' असं कळवून, यालाच डिसअव्हाउ म्हणतात) मोकळं व्हा. द्यावी का? नाही द्यायची तर नेमकं काय करायचं?

चाळणी

ती फाइल अजिबात चढवू नका. दुसऱ्याने बनवलेली डिसअव्हाउ फाइल न वाचता चढवणं म्हणजे स्वतःच्या हाताने चांगल्या लिंक तोडणं.

आधी 'टॉक्सिक स्कोअर'. हा आकडा गूगलचा नाही. लिंक तपासणारी विकतची साधनं आपापल्या ठोकताळ्यांवर तो काढतात आणि गूगल तो पाहत नाही. इंडियामार्ट, जस्टडायल, एखाद्या इंडस्ट्री असोसिएशनची जुनाट सभासद यादी अशा खऱ्या नोंदीसुद्धा त्यात लाल होऊ शकतात, कारण त्या पानांवर शेकडो बाहेरच्या लिंक असतात.

गूगल अशा लिंकचं काय करतं हे कळलं की निम्मी काळजी जाते. एप्रिल २०१२ मध्ये पेंग्विन हे स्पॅम लिंकविरुद्धचं अपडेट आलं तेव्हा खराब लिंकमुळे अख्खी साइट खाली ढकलली जायची. म्हणूनच त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डिसअव्हाउची सोय दिली गेली. सप्टेंबर २०१६ च्या पेंग्विन ४.० पासून पद्धत बदलली: साइटला शिक्षा करण्याऐवजी ती लिंकच हिशेबात धरायची नाही. डिसेंबर २०२२ मध्ये हेच काम स्पॅमब्रेन या त्यांच्या यंत्रणेकडूनही होऊ लागलं. त्यामुळे .एक्सवायझेडवरच्या कसिनोवाल्यांनी तुमच्याकडे बोट दाखवलं तर बहुतेक वेळा त्याची किंमत शून्य असते. उणे नाही, शून्य.

आणि हा स्पर्धक असण्याची शक्यता कमीच. असली पानं यंत्रं आपोआप तयार करतात. हजारो साइटचे पत्ते उचलून एकमेकांत मिसळतात, म्हणजे पान खरं वाटावं. तुमचं नाव त्या ढिगात सापडलं, इतकंच.

पण 'काही करू नका' म्हणून मी थांबणार नाही, कारण तुमच्या वर्णनात दोन-तीन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात. आधी त्या सुट्या करा:

सर्च कन्सोलमध्ये लिंक्स रिपोर्ट उघडा, वर उजवीकडे 'एक्स्पोर्ट एक्स्टर्नल लिंक्स' आणि त्यात 'लेटेस्ट लिंक्स' घ्या. यात एक लाखापर्यंत ओळी मिळतात आणि प्रत्येकीपुढे तारीख असते. मात्र लिंक तुमच्या *कोणत्या* पानावर येते आणि तिचा मजकूर काय, हे या फाइलमध्ये नसतं. इथेच बहुतेक जण फसतात. फक्त देणाऱ्यांची यादी बघून घाबरतात, लिंक कुठे येऊन पडते ते बघतच नाहीत. त्यासाठी त्याच रिपोर्टमध्ये 'टॉप लिंक्ड पेजेस' आणि 'टॉप लिंकिंग टेक्स्ट' हे दोन तक्ते वेगळे उघडा. शिवाय 'टॉप लिंकिंग साइट्स'मध्ये एकेका साइटवर क्लिक केलं की ती तुमच्या कोणत्या पानांना लिंक देते ते दिसतं. संशयित वीस-पंचवीस तरी अशा उघडून बघा. ती साइट उघडायची गरज नाही, कन्सोलच्या आतच सगळं दिसतं.

मग असं वाचा:

लिंक होमपेजला आणि मजकूर नुसता डोमेनचा? साइटची किंमत सांगणारे, हूइज (डोमेन कोणाच्या नावावर आहे ते) दाखवणारे, याद्या चोरणारे. सोडून द्या.

लिंक फोटोच्या फाइलला? तुमच्या इंपेलरचे फोटो कुणीतरी परस्पर वापरतंय. सर्व्हरवर भार पडत असेल तर हॉटलिंकिंग (दुसऱ्या साइटने तुमच्या सर्व्हरवरून थेट फोटो दाखवणं) बंद करा, रँकिंगशी त्याचा संबंध नाही. (बंद करताना गूगलच्या इमेज सर्चला मोकळीक ठेवा, नाहीतर तिथून येणारी गिऱ्हाइकं जातील.)

मजकूर 'बेस्ट पंप इंपेलर मॅन्युफॅक्चरर इन कोल्हापूर' असा घासूनपुसून लिहिलेला आणि तोच पन्नास ठिकाणी? हे तुमच्या जुन्या एजन्सीचं. यावर विचार करावा लागेल.

लिंक अशा पत्त्यांना, जी पानं तुम्ही बनवलेलीच नाहीत? मग लिंक विसरा आणि आधी स्वतःची साइट तपासा.

हे चार ढीग करून इथे टाका, मग पुढचं बोलू.

सर्व्हरवाला

चाळणींच्या शेवटच्या ढिगाबद्दल लिहितो, कारण कसिनो आणि जपानी अक्षरं हे दोन शब्द वाचल्यावर माझा संशय तिकडेच गेला. इथे दोन शक्यता आहेत. एक किरकोळ, एक गंभीर.

किरकोळ शक्यता: तुमच्या साइटवरच्या शोधपेटीचा गैरवापर. वर्डप्रेसमध्ये काहीही शोधलं की पत्ता तयार होतो त्यात ?एस= आणि पुढे शोधलेले शब्द येतात (इथे देवनागरीत लिहितोय, मूळ पत्ता रोमनमध्ये असतो). स्पॅमवाले शब्दांच्या जागी स्वतःची जाहिरात आणि साइटचं नाव घालून असे हजारो पत्ते बनवतात आणि बाहेरून त्यांना लिंक देतात. गूगल तिथे येतं, तुमची साइट 'अमुक बेटिंगसाठी शोध निकाल' असं शीर्षक छापून पान देते, आणि ते पान तुमच्या डोमेनखाली इंडेक्स होतं (गूगलच्या शोधयादीत जातं). तुमच्या नावावर त्यांची फुकट पाटी. इथे डिसअव्हाउचा काडीचा उपयोग नाही, कारण दुखणं लिंकमध्ये नसून तुमच्या शोधपानात आहे.

तपासायचं असं: गूगलमध्ये साइट: लिहून पुढे जागा न सोडता तुमचा डोमेन, मग जागा सोडून कसिनो, बेटिंग असे शब्द, रोमनमध्ये. काही निघालं तर त्या पानाचा पत्ता बघा. ?एस= असेल तर सुटलात. वर्डप्रेस ५.७ पासून शोधपानांना आपोआप नोइंडेक्स ('हे पान शोधात दाखवू नका' ही खूण) लागतं, पण थीम किंवा एसईओ (शोधात वर येण्यासाठीच्या) प्लगइनमधली एखादी सेटिंग ते काढून टाकू शकते. कोणतंही शोधपान उघडा, पेज सोर्समध्ये रोबॉट्स नावाचा मेटा टॅग शोधा, त्यात नोइंडेक्स आहे का पाहा. नसेल तर प्लगइनमध्ये 'सर्च पेजेस' शोध निकालात दाखवायची सेटिंग बंद करा.

आता एक सापळा. घाईघाईत लोक रोबॉट्स.टीएक्सटीमध्ये (बॉटनी कुठे जाऊ नये ते सांगणारी फाइल) ?एस= वर डिसअलाउ, म्हणजे मज्जाव, टाकतात. मग गूगलबॉटला (पानं वाचत फिरणारं गूगलचं यंत्र) ते पान वाचताच येत नाही, त्यावरचं नोइंडेक्स त्याला दिसतच नाही, आणि बाहेरून आलेल्या लिंकच्या जोरावर पत्ता इंडेक्समध्ये तसाच राहतो. आधी नोइंडेक्स, दार उघडं. सगळे पत्ते गळाले की मग हवं तर डिसअलाउ.

गंभीर शक्यता: साइट हॅक झाली आहे. साइट: शोधात ?एस= नसलेली, विचित्र फोल्डर नावांची जपानी किंवा औषधांची पानं निघाली तर हेच. अशी पानं बहुतेक वेळा तुम्हाला ४०४ ('पान सापडलं नाही') दाखवतात आणि फक्त गूगलबॉटला मजकूर देतात, म्हणून 'उघडून पाहिलं, काही नाही' यावर विसंबू नका. तो पत्ता सर्च कन्सोलच्या यूआरएल इन्स्पेक्शनमध्ये टाका आणि 'व्ह्यू क्रॉल्ड पेज'मधलं एचटीएमएल वाचा. गूगलला काय दिसलं ते तिथे कळतं.

निघालंच तर या जागा पाहा: अपलोड्स फोल्डरमध्ये पीएचपी फाइल (तिथे फोटो-पीडीएफ सोडून काही असायचं कारण नाही), .एचटीॲक्सेस या सर्व्हरच्या नियमांच्या फाइलमधले तुम्ही न लिहिलेले नियम, वापरकर्त्यांच्या यादीत अनोळखी ॲडमिनिस्ट्रेटर. आणि हे तर हटकून राहतं: सर्च कन्सोलच्या 'यूजर्स अँड परमिशन्स'मध्ये उपरा ओनर. हॅकर साइटच्या मुळाशी पडताळणीची एचटीएमएल फाइल ठेवून स्वतःला मालक करून घेतात आणि स्वतःचा साइटमॅप देतात. माणूस काढला आणि फाइल ठेवली तर तो परत पडताळणी करून येतो. दोन्ही काढा, 'साइटमॅप्स'मधला परका साइटमॅपही उडवा.

सफाईचा क्रम: आधी अख्खा बॅकअप (पुरावा म्हणूनही लागतो), मग वर्डप्रेसच्या मूळ फाइली नव्या उतरवून बदलणं, प्लगइन-थीम अधिकृत जागेवरून ताज्या घेणं, 'फुकट प्रीमियम' थीम असेल तर ती कायमची घालवणं, सगळे पासवर्ड आणि वर्डप्रेस-कॉन्फिगमधल्या सॉल्ट किल्ल्या (लॉगिन सुरक्षित ठेवणारे गुप्त मजकूर) बदलणं. होस्टिंग, डेटाबेस, एफटीपी तिन्हींचे पासवर्ड. फक्त वर्डप्रेसचा बदलून काही होत नाही.

हॅकची पानं गेली की त्या पत्त्यांवर ४०४ किंवा ४१० ('पान कायमचं गेलं') येऊ द्या. 'सगळे ४०४ होमपेजकडे वळवा' हे प्लगइन असेल तर बंद करा. नसलेल्या पानावर आलेली लिंक तिथेच मरते, तुम्ही ते पान वळवलंत की तोच कचरा होमपेजच्या दारात आणून ठेवता.

हिशेबनीस

ॲनालिटिक्सच्या रेफरलबद्दल कुणी बोललं नाही म्हणून थोडक्यात. तो वेगळा प्रकार आहे, लिंकशी त्याचा संबंध असेलच असं नाही.

बऱ्याचदा ती भेट झालेलीच नसते. कुणीतरी तुमचा मेजरमेंट आयडी (ॲनालिटिक्समधली तुमच्या साइटची ओळख) वापरून थेट गूगलच्या सर्व्हरला खोटी नोंद पाठवलेली असते, तुमच्या होस्टिंगपर्यंत काही येत नाही. ओळखायचं कसं? होस्टिंगचा ॲक्सेस लॉग उतरवा आणि त्या दिवशी, त्या तासात, त्या रेफररची (भेट पाठवणाऱ्या साइटची) ओळ शोधा. ओळ नसेल तर भुताटकी. मग .एचटीॲक्सेसमध्ये शंभर नियम लिहिले तरी उपयोग नाही.

जीए-४ मध्ये (गूगल ॲनालिटिक्स ४) ॲडमिन, डेटा स्ट्रीम्स, तुमची स्ट्रीम, 'कॉन्फिगर टॅग सेटिंग्ज', 'शो ऑल' या वाटेने गेलं की 'लिस्ट अनवाँटेड रेफरल्स' दिसतं. नाव वाचून वाटतं की नको ते इथे घातलं की गेलं. तसं नाही. यात घातलेल्या डोमेनची भेट मोजली जातेच, फक्त तिचं श्रेय त्या डोमेनला मिळत नाही. ही सोय पेमेंट गेटवेसाठी आहे, म्हणजे गिऱ्हाईक पैसे भरून परत आलं की ते 'गेटवेकडून आलं' असं दिसू नये. स्पॅम यात घातलात तर तो 'डायरेक्ट'मध्ये जाऊन मिसळेल आणि नंतर वेगळा काढता येणार नाही. शिवाय एका स्ट्रीमला ५० नोंदींची मर्यादा. त्यापेक्षा एक्स्प्लोरेशनमध्ये सेशन सोर्समधून ही नावं वगळणारा सेगमेंट करा आणि साहेबांना दाखवायचा अहवाल त्यातून काढा.

आणि कुतूहल म्हणून त्या साइट उघडू नका. मालकाने कुतूहलापोटी क्लिक करावं हाच तर त्यांचा धंदा.

गेजपट्टी

चाळणींशी बऱ्याच अंशी सहमत, पण जुन्या एजन्सीच्या लिंकबाबत 'विचार करावा लागेल' एवढ्यावर सोडणं मला पटत नाही. परक्यांनी केलेला कचरा वेगळा, तुमच्या पैशाने केलेला वेगळा. गूगलचं सांगणंही तसंच आहे: लिंक मोठ्या प्रमाणात बनावट असतील, *आणि* त्यांच्यामुळे मॅन्युअल ॲक्शन आली असेल किंवा येण्याची शक्यता असेल, तर डिसअव्हाउ. पैसे देऊन छापलेल्या गेस्ट पोस्ट, त्यात ठरावीक कीवर्ड, रेल नोफॉलो किंवा स्पॉन्सर्ड ('लिंक मोजू नका' किंवा 'ही जाहिरात आहे' असं गूगलला सांगणाऱ्या खुणा) काहीही न लावलेलं, आणि अशा साइट शंभरावर असतील, तर 'येण्याची शक्यता' मी खरी धरतो. पाच-दहा असतील तर नाही.

करायचंच ठरलं तर पुढच्या गोष्टी सांभाळा.

सर्वांत आधी डिसअव्हाउ लिंक्सचं पान उघडून आधीची फाइल आहे का पाहा. हे पान सर्च कन्सोलच्या मेनूत सापडत नाही, गूगलच्या मदतपानावरून किंवा नावाने शोधून जावं लागतं. आणि डोमेन प्रॉपर्टीला (सर्च कन्सोलमधली अख्ख्या डोमेनची एकत्र नोंद) ते चालत नाही, यूआरएल-प्रीफिक्स (एका ठरावीक पत्त्याने सुरू होणाऱ्या पानांची) प्रकारची प्रॉपर्टी लागते. तुमच्याकडे फक्त डोमेन प्रॉपर्टी असेल तर एचटीटीपीएससकट पूर्ण पत्त्याची वेगळी जोडून घ्या. एचटीटीपीची किंवा डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूविना अशी वेगळी प्रॉपर्टी असेल तर तिची यादीही वेगळी. परवानगी ओनरची हवी.

जुनी फाइल सापडली तर ती उतरवून ठेवा. नवी फाइल जुनीत *भर घालत नाही*, तिची जागा घेते. जुन्यातलं काही ठेवायचं असेल तर ते नव्या फाइलमध्ये स्वतः घालावं लागतं.

फाइल साधी टेक्स्ट, यूटीएफ-८, शेवट .टीएक्सटी. वर्ड किंवा एक्सेलमधून थेट जतन करू नका, नोटपॅडमध्ये चिकटवून 'सेव्ह ॲज'मध्ये एन्कोडिंग बघून जतन करा. कमाल २ एमबी आणि १ लाख ओळी, त्यात मोकळ्या आणि टिपणांच्या ओळीसुद्धा मोजल्या जातात. एका ओळीत एकच नोंद. रूप असं (खऱ्या फाइलमधल्या नोंदी रोमनमध्ये, डोमेन हा शब्द लहान अक्षरांत, कोलननंतर जागा नाही):

# जुन्या एजन्सीच्या गेस्ट पोस्ट, मेल पाठवला, उत्तर नाही
डोमेन:अमुक-आर्टिकल्स.कॉम
डोमेन:तमुक.ब्लॉगस्पॉट.कॉम

हॅशने सुरू होणारी ओळ गूगल वाचत नाही, ती तुमच्या पुढच्या माणसासाठी. डोमेनची नोंद केली की त्याखालचे सबडोमेनही गेले. एकेका पानाचा पत्ता देऊ नका, कारण तोच लेख टॅगच्या पानावर, महिन्याच्या पानावर, मोबाइलच्या पत्त्यावर परत निघतो. आणि साइटचा एखादा फोल्डर तेवढा वगळायची सोय नाही: एकतर नेमकं पान, नाहीतर अख्खा डोमेन.

उदाहरणातली ब्लॉगस्पॉटची ओळ नीट बघा. पुढचं 'तमुक' विसरलात तर ब्लॉगस्पॉटवरचे सगळे ब्लॉग एका ओळीत गेले. पंपदुरुस्तीवर लिहिणारा एखादा खरा मेकॅनिकही त्यात जातो. एजन्सीने पाठवलेल्या तयार फाइलमध्ये अशी ओळ आहे का शोधा, बहुधा सापडेल.

चढवल्यावर लगेच काही दिसत नाही. गूगल ती पानं पुन्हा वाचत जातं तसतसं ते लागू होतं, काही आठवडे धरा. लिंक्स रिपोर्टमध्ये त्या लिंक तशाच दिसत राहतात, त्यामुळे 'काम झालं नाही' म्हणून रोज फाइल बदलत बसू नका. काढून घ्यायचं असेल तर 'कॅन्सल डिसअव्हाउअल्स' आहे, पण त्यालाही तितकाच वेळ.

बिंगचा विचार मनात असेल तर सोडा. त्यांनी ही सोय २०२३ मध्येच बंद केली.

चाळणी

@गेजपट्टी, फाइलबद्दल शब्द न् शब्द बरोबर. मतभेद एवढाच: पाच वर्षं जुन्या गेस्ट पोस्ट, मॅन्युअल ॲक्शन नाही, क्लिक फारसे घटलेले नाहीत. गूगल त्या आधीपासूनच मोजत नसेल तर डिसअव्हाउने फरक शून्य, आणि त्यातल्या काही अजून मोजत असेल तर क्लिक *घटतील*. साहेबांना दोन्ही बाजू सांगून ठरवा. 'साफ केलं की रँकिंग वाढेल' असं मात्र कुणी सांगत असेल तर ते खोटं आहे. डिसअव्हाउने वजन उतरतं, चढत नाही.

गेजपट्टी

मान्य. म्हणूनच मोठ्या संख्येची अट घातली. पण एक गोष्ट: कंपनी अजूनही कुणाकडून लिंक विकत घेत असेल तर आधी ते थांबवा. नळ चालू ठेवून फरशी पुसण्यात अर्थ नाही.

दस्तऐवज

समजा उद्या मॅन्युअल ॲक्शन आलीच ('अननॅचरल लिंक्स टू युअर साइट' असं दिसेल), तर नुसती डिसअव्हाउ फाइल देऊन 'रिक्वेस्ट रिव्ह्यू' दाबू नका. लिंक काढण्यासाठी खरोखर प्रयत्न केला हे गूगलला दिसावं लागतं.

एक शीट करा: लिंकचं पान, लिंकचा मजकूर, संपर्काचा पत्ता, पहिला मेल, दुसरा मेल, उत्तर, आजची स्थिती. पहिल्या मेलनंतर दहा-बारा दिवसांनी एक आठवण पुरे. मेल चार ओळींचा, कंपनीच्या डोमेनवरून, त्यात नेमकं पान आणि नेमकी लिंक. 'आमच्या सर्व लिंक काढा' असं लिहिलं तर कुणी शोधत बसत नाही. काढणं जमत नसेल तर नोफॉलो लावायला सांगा, तेही चालतं. लिंक काढायचे पैसे मागितले तर देऊ नका, तशी नोंद शीटमध्ये करा आणि तो डोमेन डिसअव्हाउमध्ये टाका. एकाला दिलेत की त्याच मालकाच्या आणखी दहा साइट बिल पाठवतात.

रिव्ह्यूच्या अर्जात तीन गोष्टी लागतात: नेमकं काय चुकलं, ते दुरुस्त करायला काय केलं, आणि त्यातून काय निष्पन्न झालं. 'कुणीतरी आमच्याविरुद्ध केलं' ही ओळ, एजन्सीला तुम्ही पैसे दिलेले असताना, लिहू नये. एजन्सी नेमली होती, अमुक काळात अशा प्रकारच्या लिंक घेतल्या, करार संपवला, इतक्या काढून घेतल्या, उरलेल्या डिसअव्हाउ केल्या, ही शीट सर्वांना पाहता येईल अशी ठेवली आहे, बस. निर्णयाला काही दिवसांपासून काही आठवडे लागतात. मधे दुसरा अर्ज करू नका.

ॲक्शन उठल्यावर रँकिंग जुन्या जागी परत येतंच असं नाही. जी उंची त्या विकतच्या लिंकनी दिली होती ती त्यांच्याबरोबर जाते. हे साहेबांना *आधी* सांगून ठेवा.

त्या ४५ हजारांच्या मेलबद्दल: नुसतं विकायला आलेले असतील तर दुर्लक्ष करा. 'पैसे द्या नाहीतर आणखी लिंक टाकू' असं कुठे लिहिलं असेल तर ती खंडणी. मेल पुसू नका, पूर्ण हेडरसकट जतन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे आधीच गेले असतील तर लगेच १९३० वर फोन.

इंपेलर

सगळ्यांचे आभार. बसून तपासलं, हे निघालं:

१. टॉप लिंक्ड पेजेसमध्ये होमपेजखाली रांगेने ?एस= वाले पत्ते. साइट: शोधात कसिनोची जी पानं निघाली तीही सगळी तशीच. हॅकचं काही दिसत नाही: अपलोड्समध्ये पीएचपी नाही, उपरा ओनर नाही, सिक्युरिटी इश्यूज रिकामं. शोधपानाच्या सोर्समध्ये मात्र 'इंडेक्स, फॉलो' लिहिलेलं होतं. एसईओ प्लगइनमध्ये सर्च पेजेस चालू ठेवलेली निघाली. बंद केली, आता नोइंडेक्स दिसतंय.

२. जुन्या एजन्सीच्या गेस्ट पोस्ट वीस-बावीसच आहेत. बाकी डिरेक्टरी.

३. डिसअव्हाउच्या पानावर २०२० ची फाइल सापडली. कुणी चढवली ठाऊक नाही. तिच्यात ब्लॉगस्पॉट सरसकट, आणि आमच्या एका डीलरच्या साइटचा डोमेन, जिथे आमच्या सीलचं अख्खं पान आहे!

१ साठी रिमूव्हल्स टूल वापरू का? आणि ३ चं काय करू?

सर्व्हरवाला

रिमूव्हल्सने पानं साधारण सहा महिने लपतात, जात नाहीत. कुणी गिऱ्हाईक साइटचं नाव शोधतं आणि कसिनो दिसतं अशी लाज असेल तर ?एस= ने सुरू होणाऱ्या सगळ्या पत्त्यांसाठी 'रिमूव्ह ऑल यूआरएल्स विथ धिस प्रीफिक्स' घाला, तात्पुरता पडदा म्हणून. प्रीफिक्स टाकताना दोनदा वाचा, ?एस= गळून नुसता डोमेन राहिला तर अख्खी साइट लपेल. खरं काम नोइंडेक्सच करणार. पेजेस रिपोर्टमध्ये 'एक्स्क्लूडेड बाय नोइंडेक्स टॅग'चा आकडा आता काही आठवडे चढत जाईल. तो चढलेला बघून कुणी दचकू नये, तेच हवंय.

गेजपट्टी

२ ला हात लावू नका, वीस-बावीस गेस्ट पोस्टसाठी डिसअव्हाउ नको. इथे चाळणींचं बरोबर.

३ तातडीचं. फाइल उतरवा आणि प्रत तारखेसकट ठेवा. मग ओळीओळीने वाचा: डीलर काढा, ब्लॉगस्पॉटची सरसकट ओळ काढा, उरलेल्यात ओळखीचं काही आहे का ते विक्री विभागातल्या माणसाला विचारा. डीलर, ग्राहक, प्रदर्शनांची नावं त्यालाच माहीत असतात. उरेल तेवढंच परत चढवा. सगळंच निरर्थक निघालं तर 'कॅन्सल डिसअव्हाउअल्स' करून फाइलच काढून टाका. त्यानंतर सर्च कन्सोलच्या यूजर्समध्ये २०२० च्या एजन्सीचा मेल आयडी अजून ओनर म्हणून बसलाय का तेही बघा.